धुऱ्यावरचे ठिपके

"नकाशा हलला पाहिजे." नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता घरात कोणी 'पंखा हलतोय' म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. का हलला पाहिजे नकाशा? चंद्रपूर होतं तिथेच आहे, गडचिरोलीही जागेवरच आहे. पण नागपूरच्या मुख्य कचेरीतल्या साहेबलोकांना हलणारं, उघडणारं, मिटणारं, बोट लावलं की फुगणारं काहीतरी हवं असायचं, आणि ते पुरवणारा माणूस मी. एका वर्तमानपत्राच्या चंद्रपूर कचेरीत आधी पानं लावायचो. पुढे पेपर मोबाइलवर आला आणि मी 'संवादी नकाशे' करू लागलो. संवादी म्हणजे काय, तर तुम्ही ठिपक्याला बोट लावायचं आणि एक खिडकी उघडून त्यात चार ओळी यायच्या. याला हे लोक संवाद म्हणतात. आमच्या घरची मांजर यापेक्षा जास्त बोलते.

धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आधी एक तक्ता करायचा. त्यात गावाचं नाव, काय घडलं, केव्हा घडलं. पुढच्या दोन रकान्यांत अक्षांश आणि रेखांश, म्हणजे ती जागा पृथ्वीवर नेमकी कुठे त्याचे दोन आकडे. तक्ता नकाशावर चढवला की जिथे आकडे म्हणतील तिथे ठिपका उमटतो. मशीन काही विचारत नाही. रकाने चुकून उलटे पडले तर भामरागड उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन बसतं. एकदा बसलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत हजारो लोकांनी तो नकाशा पाहिला, 'छान', 'अभ्यासपूर्ण' असं खाली लिहिलं, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

माझे अब्बा पेंटर होते. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांवरचे नंबर, कंपनीच्या बसवरची नावं, गावातल्या दुकानांचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. एका वर्षी नदीकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेसाठी बाणांच्या पाट्या रंगवायचं काम आलं. कमिटीनं कागदावर रस्ता काढून दिला होता. अब्बांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि तिथे जाऊन आधी सगळी वाट पायी चालून पाहिली, कारण नदीच्या वाळूतली पायवाट दरसाल बदलते. मग बाण काढले. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर शिकत होतो. मी हसलो, तर म्हणाले, "बाण देख के औरतें, बच्चे चलते हैं बेटा. मैं नहीं चला तो वो कैसे चलेंगे?" मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं.

चालून पाहणं वगैरे आमच्या कचेरीत कोणाच्या गावीही नव्हतं. एका निवडणुकीत मी गाववार मतदानाचा नकाशा केला होता. काही गावं त्यात पांढरी राहिली, म्हणजे मतदान शून्य. नागपूरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'दुर्गम गावांचा शंभर टक्के बहिष्कार' असा मथळाही चढला. आमचे डिजिटल प्रमुख निखिलसाहेब, पुण्याचे, वय माझ्या निम्मं, उत्साह माझ्या चौपट. त्यांनी एका बातमीदाराला 'बहिष्कार टाकणाऱ्या गावकऱ्यांच्या भावना' आणायला धाडलं. तो दिवसभर भटकून सागाच्या जंगलातून फोन करतो, "साहेब, इथी तं माणूसच नाई. माकडं आहेत फक्त. त्यांच्या भावना विचारू काय?" ती रिठी गावं होती. आमच्याकडे अशी पुष्कळ आहेत. माणसं केव्हाची उठून गेली, सरकारी यादीत नाव तेवढं उरलं. हे इथल्या कुठल्याही तलाठ्यानं, नाहीतर चहावाल्यानं सांगितलं असतं. पण विचारायचं कोणी? तक्ता बोलतो ना!

गिऱ्हाइकांबद्दल तर बोलूच नका. एका गावचे पुढारी फोन करून भांडले होते, "आमच्या गावचा ठिपका एवढूसा काऊन? बाजूच्या गावचा मोठा काऊन?" तो नकाशा डेंग्यूच्या रुग्णांचा होता. मी म्हटलं, भाऊ, मोठा करायचा असेल तर डास पाळा. त्यावर त्यांनी माझी तक्रार केली.

आता वाघाच्या नकाशाकडे येतो. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्याचसाठी.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की चार ओळींची बातमी येते. अमुक गाव, अमुक नावाची व्यक्ती, शेताच्या धुऱ्यावर वाघानं हल्ला केला. धुरा म्हणजे शेताचा बांध. निखिलसाहेबांनी फर्मान काढलं की जुन्या सगळ्या घटना एका नकाशावर आणायच्या. मी पंधरा दिवस खुर्चीत बसून जुन्या बातम्या उपसल्या, उपग्रहाच्या चित्रात एकेका गावाचं शेत आणि जंगलाची हद्द शोधली आणि हद्दीवरच्या धुऱ्यावर लाल ठिपका ठेवत गेलो. झाल्यावर पाहिलं तर जंगलाला साडीसारखा लाल काठ आलेला, आणि मधला सगळा हिरवा भाग कोरा. एवढी नीटनेटकी रांग? क्षणभर मला खटकलं होतं, हे इथे कबूल करतो. जंगलाच्या आत एकही माणूस मरत नाही हे कसं? पण निखिलसाहेब मागे उभे होते आणि त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

"शेखभाऊ, हीच तर स्टोरी आहे! वाघ जंगल सोडून शेतात आलाय. डेटा किती स्वच्छ बोलतोय बघा!"

मथळा तोच झाला. नकाशा तुफान चालला. मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, यातल्या कुठल्या ठिपक्याजवळ राहण्याची चांगली सोय होईल, मुलांना वाघ दाखवायचा आहे. एका संस्थेनं आम्हाला सन्मानचिन्ह दिलं. मुंबईच्या हॉटेलात निखिलसाहेब 'ग्रामीण भागातील डेटा पत्रकारिता' यावर तासभर बोलले. जन्मात मोहाचं झाड पाहिलं नसेल माणसानं. आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो, ते तरी का लपवू! काचेचं ते चिन्ह आमच्या चंद्रपूर कचेरीच्या भिंतीवर, माझ्या टेबलाच्या मागे लागलं.

वर्षभरानं, माघ महिना असेल, एक फोन आला.

"नकाशेवाले भाऊ बोलता काय जी?"

"हो, बोला."

"मी वेणू, मोहबोडीची. तुमच्या नकाशात माह्या मालकाचा ठिपका आहे."

मोहबोडी हे गावाचं खरं नाव नाही, पोंभुर्ण्याच्या बाजूला आहे एवढंच सांगतो. माणसांची नावंही मी बदलली आहेत. मला वाटलं, नाव चुकलं असेल. असे फोन यायचे. तसं विचारलं.

"नाव बरोबर आहे जी. जागा खोटी आहे. ते धुऱ्यावर नाई गेले. आत गेले, डोहाच्या वरतं, मोहाच्या झाडाखाली. धुरा मीच सांगतला होता."

"पण का, बाई?"

"आत जायची मनाई आहे ना. आत गेला होता म्हटलं तं मेलेल्याच्याच नावानं गुन्हा. गावातल्या माणसांनी उचलून आणलं अन् धुऱ्यावर ठेवलं. मी सांगतलं, इथीच झालं. ते होऊन गेलं, त्याचं काई नाई. पण आता माही जाऊ, मंदा, ते मोबाईल घेऊन बायकांले दाखवून राह्यली. म्हणते, पाहा वो, वाघ सारे बाहेर धुऱ्यावरच राह्यते. आत एक बी ठिपका नाई. धुऱ्याजवळची झाडं सोडून औंदा मोहाले आतच जाऊ, म्हणते. मी लाख सांगतलं. तं मलेच म्हणते, भाऊजीचंच तेवढं आत झालं, बाकीच्यांचं पाहा ना. तुम्ही येऊन सांगा जी. तुमचं आयकतील."

मोहफुलं फाल्गुनाच्या शेवटाकडे गळायला लागतात. बाया पहाटे उजाडता उजाडता झाडाखाली जातात, वाकून वाकून फुलं वेचतात. हातात टोपली, नजर खाली. वाकलेल्या माणसावर वाघ येतो हे इथल्या पोराटोराला ठाऊक आहे. हंगाम महिन्याभरावर आला होता.

मी स्कूटर काढली. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. चालून पाहायची अक्कल मला तेव्हा आली, नकाशा करून वर्ष उलटल्यावर. मोहबोडीच्या आधी वाटेतल्या चार गावांत थांबलो. प्रत्येक गावात ज्या घरचा माणूस गेला होता ते घर शोधलं, चहा प्यालो, इकडचं तिकडचं बोललो, आणि उठताना हळूच विचारलं, खरंच धुऱ्यावर झालं का?

पहिल्या घरी म्हाताऱ्यानं बिडी विझवली. मग म्हणाला, "आतच झालं गा. पण आमचंच तेवढं असं झालं. बाकीच्यांचं बाहेरच झालं म्हणतात."

दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावातल्या बाईनं आधी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं, "भाऊ, कोणाले सांगसान नको. आमच्याकडूनच खोटं झालं. बाकीचे खरं बोलले." चौथ्या घरी मला वाक्य ऐकायचीही गरज राहिली नव्हती, तरी ऐकलं. ज्याला त्याला आपलंच खोटं ठाऊक, आणि दुसऱ्याचा ठिपका जो तो खरा मानून बसलेला. त्या सगळ्या खोट्यांची मी सुबक रांग लावली होती, वर 'वाघ शेतात आला' असं लिहिलं होतं आणि ती मोबाइलमधून परत त्यांच्याच हातात दिली होती. शाबास! दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

मोहबोडीत वेणूबाईंनी समाजमंदिरात बाया गोळा केल्या. वेणूबाई उंच, हाडकुळ्या, बोलणं कमी. मंदा त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तोंडाचा पट्टा सतत चालू. मी आत शिरताच म्हणाली, "आले वो नकाशेवाले भाऊ! बसा. वाघ कोठी ठेवून आले?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

मी सांगितलं की नकाशा चुकला आहे. आतही वाघ आहे, आतच जास्त धोका आहे. कोणी सांगितलं ते सांगता येत नव्हतं, चार घरांना शब्द दिला होता. त्यामुळे माझं बोलणं फार पोकळ वाटत होतं, ते मलाच कळत होतं. मंदानं मोबाइल माझ्यासमोर धरला. माझाच नकाशा. तिनं बोटानं तो सराईतपणे मोठा केला, लहान केला.

"हे तुम्हीच बनवलं ना भाऊ?"

"मीच बनवलं."

"अन् आता तुम्हीच खोटं म्हणता. खोटं आहे तं मिटवा ना! मिटवत काऊन नाई?"

"वरच्या साहेबांना विचारावं लागतं, बाई."

"मग विचारून या. इथी दिसते तवरी आम्ही खरंच मानू. एवढे शिकलेले लोक खोटं कायले दाखवतील?" आणि मग हसून, "धुऱ्याजवळची झाडं तुम्हीच लाल करून ठेवली जी. आम्ही मोहा वेचावा तं कोठी वेचावा?"

मी उठलो. वेणूबाई मला गावाबाहेरच्या बोडीपर्यंत सोडायला आल्या. तळ्याशी थांबून एवढंच म्हणाल्या, "लवकर करजा, भाऊ."

दुसऱ्याच दिवशी निखिलसाहेबांना फोन केला. म्हटलं, ठिपके काढू, सगळं जंगल लाल पट्ट्यांनी भरू आणि वर लिहू की जागांची खात्री नाही, आत जाऊ नका.

"म्हणजे सन्मान मिळालेला नकाशा खोटा होता असं आपणच सांगायचं?"

"होय."

"पुरावा काय? त्या बायका कॅमेऱ्यासमोर बोलतील?"

"नाही बोलणार."

"मग शेखभाऊ, ही तर ऐकीव गोष्ट झाली. आपण डेटावर चालतो. आणि पट्टे मारले तर वाचक क्लिक कशावर करणार?"

असली माणसं बोलून बदलत नाहीत, त्यांच्यावर शाई खर्च करणार नाही. मला सांगायचं आहे ते माझ्याबद्दल. किल्ली माझ्याकडे होती. तो नकाशा माझ्या खात्यावर होता, एक बटण दाबलं असतं तर महाराष्ट्रभरच्या मोबाइलमधून क्षणात गेला असता. मंदा म्हणाली तसाच, मिटला असता. मी त्या बटणापर्यंत तीनदा जाऊन आलो. नोकरीची दीड वर्षं उरली होती. आणि खरं सांगायचं तर पाठीमागे भिंतीवर ते काचेचं चिन्ह होतं, आयुष्यात मिळालेलं पहिलं आणि शेवटचं. मी निखिलसाहेबांना एक लांब पत्र लिहिलं, उत्तराची वाट पाहिली, आणखी एक पत्र लिहिलं. पत्रं लिहीत बसलो मी! थू अशा शहाणपणावर.

मोहा गळायला लागून आठ दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला पोंभुर्ण्याच्या बातमीदाराचा मजकूर टेबलावर आला. मोहबोडी शिवार, काल पहाटे शेताच्या धुऱ्यावर मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात महिला ठार. खाली मंदाचं नाव. पाच मिनिटांत निखिलसाहेबांचा फोन, "शेखभाऊ, ठिपका लगेच टाका. लोक आत्ता तोच नकाशा उघडतायत."

मी फोन ठेवला आणि स्कूटर काढली. मोहबोडीला पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. अंगणात मंदाचा नवरा भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूला दोन मुली. ओसरीत अर्धी भरलेली मोहाची टोपली कोणीतरी आणून ठेवली होती. फुलं अजून सुकली नव्हती, वास येत होता. वेणूबाई मला पाहून उठल्या आणि घरामागे घेऊन गेल्या.

"आतच ना?" मी विचारलं.

"आतच. आमच्या मालकाच्या झाडापासून शंभर पावलं. मी संगं होती. ओरडली, पण तवरी..."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, बाई, या वेळी मी खरी जागा दाखवतो. साहेबांना विचारत नाही. आत, त्या झाडापाशीच ठिपका ठेवतो. एक तरी खरा असू द्या, म्हणजे दुसरी कोणी जाणार नाही. मला वाटत होतं, मी आता तरी काहीतरी करतोय. वेणूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं.

"नको जी," त्या म्हणाल्या. "इथल्या बायका आता आत नाई जात. त्यांनी डोळ्यानं पाह्यलं. तुमच्या ठिपक्याचं आता काम नाई आम्हाले. पण आत दाखवलं तं जंगलखात्याचे साहेब लोक येतील, विचारतील, मनाई असून आत कशाले गेली. मेलेल्या बाईवर चोरीचं नाव लागल. तिच्या पोरी आहेत दोन, त्यांले लोक काय म्हणतील? आम्ही उचलून आणली तिले, आमच्या मालकाले आणलं तशीच. धुऱ्यावरच टाका."

"बाई, आजूबाजूच्या गावांत अजून जातात ना आत. त्यांचं काय?"

"त्यांले मी सांगतो. पायी फिरून सांगतो. आज सकाळून दोन गावं झाली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माहं खोटं मीच सांगतलं त्यांले पहिलं. मग त्यांनी बी त्यांचं सांगतलं."

मी सगळे रस्ते पालथे घालूनही जे छापू शकलो नाही, ते काम त्या बाईनं स्वतःच्या खोट्यापासून सुरुवात करून दुसऱ्याच दिवशी चालू केलं होतं, तेही सुतकात. मी मान हलवली.

निघताना त्या बोडीपर्यंत आल्या नाहीत. अंगणाच्या कडेलाच थांबल्या आणि मी स्कूटरला किक मारणार तेवढ्यात म्हणाल्या, "भाऊ, अन् रंग लालच ठेवजा. बाकीच्यांसारखाच. वेगळी दिसाले नको."

दुपारी कचेरीत येऊन बसलो. उपग्रहाच्या चित्रात मोहबोडीचं शेत शोधलं, हद्दीवरचा धुरा शोधला. आत, डोहाच्या वरती, ते मोहाचं झाडही दिसत होतं. मी तक्त्यात मंदाचं नाव लिहिलं, धुऱ्याचे दोन आकडे भरले, आणि रंग लाल ठेवला.